जुन्या खेळयंत्रांच्या स्मृती : वाचन, जतन आणि बदल

ज्या वस्तू केवळ करमणुकीसाठी जन्माला आल्या आणि ज्यांच्याकडे जाणत्या मंडळींनी वेळेचा व पैशाचा अपव्यय म्हणूनच पाहिले, त्यांच्या जतनाचा विचार त्या भंगाराच्या गाडीवर चढेपर्यंत कुणाच्या मनात येत नाही, हा आपल्याकडील जुना शिरस्ता आहे. आणि नाणे टाकून खेळावयाची व्हिडिओ गेमची यंत्रे त्याला अपवाद ठरली नाहीत. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत महानगरांतून निघून वऱ्हाडातील लहान बाजारपेठांपर्यंत पसरलेला हा व्यवसाय, घरी संगणक आणि पुढे हातात मोबाइल आल्यावर, ज्या वेगाने फोफावला त्याच वेगाने मावळला. लाकडी कपाटे मोडली, काचेच्या चित्रनळ्या फुटल्या, आणि मागे उरले ते माळ्यावरच्या पोत्यात किंवा दुरुस्ती करणाऱ्याच्या खोक्यात पडलेले बोर्ड, ज्यांच्यावरील मोजक्या चिपांत तो सबंध खेळ लिहिलेला असतो. या चिपांचे उत्पादन केव्हाच थांबले आहे, आणि त्यांपैकी कित्येकींतील मजकूर कणाकणाने पुसला जात आहे. तो वाचावा कसा, वाचलेला मजकूर अस्सल कशावरून मानावा, आणि निकामी झालेल्या चिपेच्या जागी दुसरी कोणती बसवावी, या तीन प्रश्नांचा आढावा घेण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सरकारदरबारी या यंत्रांची जी दखल घेतली गेली ती कर आणि परवाना यांच्यापुरतीच. गीता एन्टरप्रायझेस विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ गेम ही करमणूकच असून ती करमणूक करास पात्र आहे असा निर्णय दिला, एम. जे. सिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात १९९५ साली अशा पार्लरांना परवान्याच्या बंधनाखाली आणण्याचा शासनाचा अधिकारही त्याच न्यायालयाने मान्य केला. वऱ्हाडातीलच उदाहरण घ्यावयाचे तर वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघाला असल्यामुळे त्यापूर्वीचा एखादा परवाना किंवा कराची पावती शोधावयाची झाल्यास अकोल्याचेच दप्तर धुंडाळावे लागेल. परंतु तशा कागदातून फार तर मालकाचे नाव आणि यंत्रांची संख्या हाती लागेल, त्या यंत्रांत कोणता खेळ होता, तो कोणत्या आवृत्तीचा होता, अस्सल होता की नकली, हे कळणार नाही. या गोष्टींचा पुरावा एकाच ठिकाणी शिल्लक आहे, तो म्हणजे बोर्डावरील चिपेत. आणि म्हणून चिपेचे वाचन हे दुरुस्तीच्या कामाइतकेच इतिहासाच्या साधनांचेही काम ठरते.

अगदी आरंभीच्या खेळांत वाचण्यासारखे काही नव्हते. १९७२ सालच्या ‘पाँग’मध्ये ना प्रोसेसर होता ना स्मृती, तो खेळ साध्या तर्कमंडलांच्या जुळणीतच गुंफलेला होता. १९७५ च्या ‘गन फाइट’पासून इंटेलचा ८०८० हा प्रोसेसर खेळयंत्रात आला, आणि तेथून खेळ म्हणजे लिहिलेला मजकूर, ही स्थिती झाली. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’चा सारा कार्यक्रम ८ किलोबाइटांत मावे, मिडवे कंपनीच्या बोर्डावर तो २ किलोबाइटांच्या चार चिपांत वाटलेला असे. १९८० च्या ‘पॅक-मॅन’चा कार्यक्रम १६ किलोबाइटांचा. आणि आपल्याकडील एक सबंध पिढी ज्याला मूळ नावाने न ओळखता त्यातील पिवळ्या टोपीच्या पात्रावरून ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखते, तो कॅपकॉम कंपनीचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ कार्यक्रमासाठी दीड आणि चित्रांसाठी चार मेगाबाइट इतका विस्तारला होता. अवघ्या पंधरा वर्षांतील ही वाढ लक्षात घेतली म्हणजे एकाच दुकानातील दोन बोर्डांसाठी दोन निरनिराळ्या विद्या का लागतात याचा उलगडा होतो.

स्मृतीच्या चिपांचे, ज्यांना दुरुस्तीच्या दुकानात सरसकट ‘आयसी’ म्हणतात, स्थूलमानाने चार वर्ग पडतात. पहिला मास्क रॉमचा. यात मजकूर कारखान्यातच सिलिकॉनच्या रचनेत कोरला जातो आणि तो पुढे बदलता येत नाही. दुसरा ईप्रॉमचा, डोव्ह फ्रोमन यांनी इंटेलमध्ये शोधलेली १७०२ ही २५६ बाइटांची चिप १९७१ साली बाजारात आली, आणि तिच्यामागून २७०८, २७१६, २७३२, २७६४ अशी वाढत्या क्षमतेची मालिकाच उभी राहिली. या चिपांच्या पाठीवर गारगोटीच्या काचेची एक लहानशी खिडकी असते. आतील प्रत्येक कोशात सर्व बाजूंनी विद्युत्‌रोधक थराने वेढलेले एक तरंगते द्वार असते. त्यावर विद्युत्‌भार साठविला की तो बिंदू (बिट) शून्य वाचला जातो, भार नसला की एक. खिडकीतून २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण पंधरा-वीस मिनिटे पडले की साठलेला भार निघून जातो आणि चिप पुन्हा कोरी होते. तिसरा वर्ग द्विध्रुवी प्रॉमचा. ८२एस१२३ किंवा ८२एस१२९ यांसारख्या या लहान चिपांत सूक्ष्म धातूच्या तारा जाळून मजकूर लिहिला जातो. ‘पॅक-मॅन’मधील सर्व रंगांची व्याख्या अशा एका ३२ बाइटांच्या प्रॉममध्ये आहे, ती एक चिप गेली की खेळ चालतो, परंतु त्याचे रूप ओळखू येत नाही. चौथा वर्ग २११४, ६११६ किंवा ४११६ यांसारख्या रॅमचा. यांत कायमचा मजकूर नसतो, म्हणून त्यांचे वाचन करावयाचे नसते, केवळ त्या बदलावयाच्या असतात.

या चारही वर्गांचा ऱ्हास एकाच कारणाने होत नाही. ईप्रॉमच्या तरंगत्या द्वारावरील भार विद्युत्‌रोधकातून अत्यंत मंद गतीने झिरपत असतो. उत्पादकांनी साधारणपणे दहा वर्षांची हमी दिलेली असताना चाळीस वर्षांनंतरही बहुसंख्य चिपा बिनचूक वाचल्या जातात, हा त्या कारागिरीचा गौरव म्हटला पाहिजे. परंतु झिरपण्याचा वेग तापमानाबरोबर वाढतो, आणि वैशाखात पत्र्याच्या छपराखालचा माळा किती तापतो हे वाशीम-कारंज्याकडच्या माणसास निराळे सांगावयास नको. खिडकीवरील कागदी पट्टी गळून पडली असेल तर प्रकाशाचेही भय आहे : जुन्या माहितीपत्रकांच्या अंदाजानुसार प्रत्यक्ष उन्हात अशी चिप सुमारे आठवड्याभरात, आणि नेहमीच्या ट्यूबलाइटखाली सुमारे तीन वर्षांत पुसली जाऊ शकते. मास्क रॉमला भार गळण्याचे भय नाही. ती मरते ती आतील जोडणी तुटल्याने, ओल शिरल्याने किंवा चुकीचा विद्युत्‌दाब पोहोचल्याने. प्रॉममधील जळालेली तार क्वचित पुन्हा जुळते आणि मजकूर बदलतो. याखेरीज पायांवर चढलेला गंज व काळपट थर, सैल पडलेले आयसी बेस, आणि विजेच्या अनियमित दाबाने त्रस्त झालेला वीजपुरवठ्याचा भाग, यांमुळे धडधाकट चिपही मृत भासते. म्हणून जाणता कारागीर चिपेला दोष देण्यापूर्वी मीटर लावून तिच्या पायांवर ५ व्होल्ट पोहोचतात की नाही हे पाहतो, आणि ही साधी दक्षता पुष्कळ अनर्थ टाळते.

आता वाचनाकडे वळू. पहिला नियम असा की चिप उपसण्यापूर्वी बोर्डाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, प्रत्येक चिपेची जागा, खाचेची दिशा आणि तिच्यावरील पट्टीचा मजकूर टिपून ठेवावा. कारण एकसारख्या दिसणाऱ्या आठ चिपा एकदा टेबलावर मिसळल्या की त्यांचा अनुक्रम लावणे हा स्वतंत्र उद्योग होऊन बसतो. बेसमधील चिप दोन्ही टोकांकडून आळीपाळीने, थोडी थोडी उचलावी. सोल्डर केलेली चिप काढताना अधिक उष्णता लागली तर बोर्डावरील तांब्याच्या वाटा उखडतात, म्हणून शोषक पंपाने एकेक पाय मोकळा करण्यावाचून दुसरा सुरक्षित मार्ग नाही. चिप मेल्याची खात्री असेल तरच तिचे पाय कापून ती काढावी. रिकाम्या जागी पुढे नेहमीसाठी गोल पिनांचा चांगला बेस बसवावा, म्हणजे पुन्हा तीच शस्त्रक्रिया करण्याची पाळी येणार नाही.

वाचनाच्या उपकरणाला प्रोग्रामर म्हणतात, आणि आज तो पूर्वीच्या मानाने पुष्कळ स्वस्त झाला आहे; परंतु स्वस्त प्रोग्रामर ज्या काळी घडले त्या काळापुरतेच पाहतात, ही त्यांची मर्यादा आहे. २७०८ या चिपेला अधिक ५, उणे ५ आणि अधिक १२ असे तीन विद्युत्‌दाब लागतात, आणि तेवढी सोय बहुतेक नव्या उपकरणांत नसते. त्याहून फसवे प्रकरण २७१६ चे : इंटेलची २७१६ एकाच ५ व्होल्टांवर चालते, तर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची त्याच क्रमांकाची टीएमएस२७१६ तीन दाबांवर, आणि इंटेलच्या चिपेशी जुळणारी टेक्सासची चिप २५१६ या क्रमांकाने विकली जाई. ४ किलोबाइटांच्या २५३२ आणि २७३२ यांची क्षमता एक, पायांची संख्या एक, परंतु काही पायांचे काम निराळे. २८ पायांच्या १ मेगाबिटच्या मास्क रॉममध्ये बाविसाव्या पायावर पत्त्याची, म्हणजे कोणती जागा वाचावयाची ते सांगणारी, एक जादा ओळ येते. तिला २७सी५१२ समजून वाचले तर अर्धाच मजकूर हाती येतो, आणि तो अर्धा असल्याची शंकाही येत नाही. आणखी एक इशारा : नवे प्रोग्रामर वाचनापूर्वी चिपेची ओळख पटविण्यासाठी तिच्या एका पायावर सुमारे १२ व्होल्ट देतात. जुन्या मास्क रॉमला हा पाहुणचार सोसेलच असे नाही, तेव्हा ही तपासणी बंद ठेवूनच वाचन करावे. ज्यांच्याजवळ प्रोग्रामर नाही त्यांना ५ व्होल्टांच्या चिपा आर्डुइनो मेगा या ५४ अंकीय जोडण्यांच्या शैक्षणिक बोर्डानेही वाचता येतात. काम मंद होते, परंतु जुन्या चिपांना घाई नसतेच.

एकदा वाचले म्हणजे वाचन झाले, असे समजू नये. तीच चिप अनेक वेळा, मधून थंड होऊ देऊन, पाय स्वच्छ करून पुन्हा वाचावी, आणि सर्व प्रती बाइटागणिक ताडून पाहाव्यात. सर्वत्र एकच आकडा आला तर चिप कोरी असेल किंवा संपर्क तुटलेला असेल; पूर्वार्ध व उत्तरार्ध तंतोतंत सारखे आले तर पत्त्याची एक ओळ अडकलेली असण्याचा संभव मोठा. एखाद-दुसरा बिंदू वाचनागणिक बदलत असेल तर त्या कोशातील भार उंबरठ्यावर आला आहे असे समजावे. अशा वेळी पुरवठ्याचा दाब ५ वरून किंचित खाली, साडेचार व्होल्टांच्या आसपास, आणून वाचल्यास गळत चाललेला कोश पुष्कळदा आपले मूळ शून्य पुन्हा सांगतो. कारण दाब कमी असला की अर्धवट भार उरलेल्या कोशातूनही प्रवाह वाहत नाही. शेवटी प्रत्येक प्रतीची सीआरसी-३२ आणि शा-१ या पद्धतींनी मुद्रा काढावी. मजकुरातील एक बिंदू जरी बदलला तरी ही मुद्रा पार बदलते, आणि दोन गावांतील दोन माणसांना परस्परांच्या प्रती न पाहताही त्या एकच आहेत की नाहीत हे ठरविता येते.

मजकुराच्या खरेपणाचा हा प्रश्न वाशीम जिल्ह्याला नवखा नाही. कारंजा लाड येथील बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठा संघ यांच्या जैन मंदिरांतील ग्रंथभांडारांत शतकानुशतके हस्तलिखिते जपली गेली. रायबहादुर हिरालाल यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची जी सूची १९२६ साली प्रसिद्ध केली, तिच्यामुळे या भांडारांतील अपभ्रंश वाङ्मयाकडे विद्वानांचे लक्ष गेले, आणि पुढे पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्य यांच्या संपादनाने १९३१ साली, तर ‘णायकुमारचरिउ’ हिरालाल जैन यांच्या संपादनाने १९३३ साली कारंज्याहूनच प्रसिद्ध झाले. अनेक पोथ्या जमवावयाच्या, त्यांचे पाठ ताडावयाचे, कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली ते ठरवावयाचे, लेखकाचा प्रमाद आणि मागाहून घुसडलेला प्रक्षेप यांचा विवेक करावयाचा, ही पाठचिकित्सेची रीत चिपांच्या वाचनाला जशीच्या तशी लागू पडते. एकाच खेळाच्या तीन बोर्डांवरील तीन प्रती एका बिंदूत भिन्न निघाल्या तर बहुमत मोजण्यापूर्वी ऱ्हासाची दिशा पाहावी : ईप्रॉममध्ये भार गळाला की शून्याचे एक होते, एकाचे शून्य सहसा होत नाही, तेव्हा अन्य पुरावा नसल्यास शून्य सांगणारी प्रत मूळ पाठाच्या अधिक जवळची. पोथीच्या संपादकाला इतका निश्चित नियम क्वचितच लाभतो.

परंतु एका बाबतीत चिपांचा अभ्यासक पोथ्यांच्या अभ्यासकाहून अधिक अडचणीत असतो, आणि ती म्हणजे नकली बोर्डांची. मूळ कंपनीच्या बोर्डाची किंमत लहान गावच्या धंद्याला परवडण्याजोगी नव्हती, त्यामुळे या बाजारात नकली मालाला मोठा वाव होता. नकली बोर्ड बनविणाऱ्यांनी मजकुराची नुसती नक्कल केली नाही. मूळ बोर्डावरील संरक्षक चिपा त्यांना मिळत नसल्यामुळे त्यांनी कार्यक्रमात फेरफार करून ते अडसर काढून टाकले. तैतो कंपनीच्या १९८६ च्या ‘बबल बॉबल’चे उदाहरण बोधप्रद आहे : त्याच्या अस्सल बोर्डावर एक स्वतंत्र सूक्ष्मनियंत्रक होता, नकली प्रतींनी तो वगळला, आणि तो वाचता येत नसल्यामुळे या खेळाचे संगणकीय अनुकरण कित्येक वर्षे नकली प्रतींच्या आधारावर चालले, सूक्ष्मनियंत्रकाचा मजकूर बाहेर काढल्यावरच मूळ खेळाची वागणूक यथार्थ कळली. याचा अर्थ नकली प्रत टाकाऊ असा मात्र नव्हे. आपल्याकडील मुलांनी जो ‘मुस्तफा’ खेळला तो पुष्कळ ठिकाणी नकली असण्याचाच संभव अधिक. या खेळाच्या नकली बोर्डांत मूळची क्यू-साउंड ही ध्वनियोजना काढून स्वस्त ध्वनिचिप बसविलेली आढळते, आणि तो बदललेला आवाजच ज्यांच्या कानांत बसला आहे त्यांच्या दृष्टीने तोच खरा ‘मुस्तफा’. प्रक्षेप हाही इतिहासाचाच भाग असतो. फक्त तो प्रक्षेप म्हणून नोंदविला पाहिजे.

ज्ञात प्रतींशी ताडणी करण्याची सोय आज उपलब्ध आहे याचे श्रेय बव्हंशी निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थाने ५ फेब्रुवारी १९९७ रोजी प्रसिद्ध केलेल्या ‘मेम’ या प्रकल्पास जाते. वरवर पाहता ते जुने खेळ संगणकावर चालविण्याचे साधन आहे. परंतु त्याचे टिकाऊ मोल, मला वाटते, त्यातील सूचीत आहे, जिच्यात हजारो खेळांच्या प्रत्येक चिपेचे नाव, जागा, आकार आणि मुद्रा नोंदलेल्या आहेत. आपल्या वाचनाची मुद्रा त्या सूचीशी जुळली तर मजकूर शाबूत आहे असे खुशाल समजावे. जुळली नाही तर तीन शक्यता उरतात : वाचन सदोष आहे, चिप गळाली आहे, किंवा आपल्या हाती आजवर कुणी न नोंदविलेली आवृत्ती आली आहे. तिसरी शक्यता विरळा असली तरी तिच्यासाठीच पहिल्या दोन शक्यतांचा निकाल लावल्यावाचून कोणतीही चिप फेकू नये. वाचनाच्या सर्व वाटा खुंटलेल्या चिपांसाठी जगभरातील मोजके अभ्यासक आम्लाने वरचे वेष्टन विरघळवून, सूक्ष्मदर्शकाखाली सिलिकॉनची छायाचित्रे घेऊन एकेक बिंदू डोळ्यांनी वाचतात. हा उपाय चिपेचा अंत करणारा असल्यामुळे तो अखेरचाच समजला पाहिजे.

बदलाचा विचार वाचनाच्या मानाने सोपा आहे, कारण मजकूर हाती असला की त्याला घर शोधणे हे मुख्यतः पायांच्या जुळणीचे काम उरते. २७१६ व २७३२ या चिपा जुन्या साठ्यातून किंवा दुसऱ्या बोर्डांवरून काढलेल्या मिळतात. परंतु त्या लिहिण्यासाठी २५ व्होल्ट लागतात, पुढील २७३२ए ला २१, आणि २७सी२५६ किंवा २७सी५१२ ला साधारण पावणेतेरा, तेव्हा आपला प्रोग्रामर कोणता दाब देऊ शकतो हे पाहूनच खरेदी करावी. मूळ चिपेहून मोठी चिप बसवावयाची झाल्यास मजकूर तितक्या वेळा पुनरावृत्त करून भरावा, म्हणजे वरच्या पत्त्याच्या ओळी कोणत्याही स्थितीत असल्या तरी वाचन बरोबर येते. २७०८ च्या जागी २७१६ बसविताना १९ व्या पायावरील १२ व्होल्ट आणि २१ व्या पायावरील उणे ५ व्होल्ट तोडल्याशिवाय नवी चिप लावणे म्हणजे ती जाळणेच होय. यासाठी मधला जोडपट्टा वापरावा, मूळ बोर्डाच्या वाटा कापू नयेत. नव्या चिपांचा वेग जुन्यांच्या ४५० नॅनोसेकंदांहून पुष्कळ अधिक असतो, आणि त्याने सहसा बाधा येत नाही. विद्युत्‌रीत्या पुसता येणाऱ्या डब्ल्यू२७सी५१२ सारख्या चिपा चाचणीसाठी सोयीच्या, कारण त्यांना अतिनील दिव्याची गरज नसते. प्रॉमच्या जागी जीएएल किंवा तत्सम प्रोग्रामनीय तर्कचिपेचा उपयोग काही ठिकाणी करता येतो. चित्रांच्या ४० व ४२ पायांच्या मास्क रॉमसाठी २७सी४००, २७सी८००, २७सी१६० अशी मोठी ईप्रॉम उपयोगी पडते. तिथे सम-विषम बाइटांचा क्रम उलटा पडून चित्रांचा चिखल होतो, तेवढे सांभाळावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दूरस्थ विक्रेत्यांकडून आणलेल्या चिपांवर पुष्कळदा जुने नाव घासून नवे छापलेले असते, म्हणून लिहिण्यापूर्वी चिप कोरी आहे का, आणि लिहिल्यानंतर ताडणी जुळते का, या दोन्ही परीक्षा झाल्याच पाहिजेत. खिडकी अपारदर्शक पट्टीने झाकून तिच्यावर खेळाचे नाव, जागा आणि तारीख लिहिल्यावरच काम पुरे झाले असे म्हणावे.

यापुढचा अडसर उत्पादकांनी बुद्धिपुरस्सर उभा केलेला आहे. नकलेला आळा घालण्यासाठी सेगा आणि कॅपकॉम यांनी काही बोर्डांवरील मजकूर गुप्तलिपीत ठेवला आणि ती उलगडणारी किल्ली बॅटरीच्या आधाराने टिकणाऱ्या रॅममध्ये ठेवली. बॅटरी संपली की किल्ली नष्ट, आणि मजकूर शाबूत असूनही बोर्ड मृत. अस्सल ‘मुस्तफा’चे ध्वनिखाते अशाच बॅटरीवर अवलंबून आहे. कॅपकॉमच्या १९९३ पासूनच्या सीपीएस-२ या मालिकेची गुप्तलिपी २००७ साली आंद्रेआस नाइवे आणि साल्मोरिया यांनी पूर्णपणे उलगडली, आणि २०१६ मध्ये एदुआर्दो क्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या बोर्डात किल्ली पुन्हा भरण्याची रीत प्रसिद्ध केली. ज्या उपायाने कंपनीने आपला माल चोरांपासून राखला त्याच उपायाने तो माल खरेदी करणाऱ्याच्या हातात मेला, आणि त्याला संजीवनी मिळाली ती बाहेरच्या अभ्यासकांकडून, हे या प्रकरणाचे तात्पर्य आहे.

येथे कायद्याची बाजू पाहणे अवश्य आहे. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकीय कार्यक्रमाला साहित्यकृतीचे संरक्षण मिळाले. परंतु त्याच अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने अशी तरतूदही केली की कार्यक्रमाची प्रत कायदेशीरपणे ज्याच्या ताब्यात आहे त्याला ती नष्ट होणे, हरवणे वा बिघडणे यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत करता यावी. आपल्या मालकीच्या अस्सल बोर्डावरील चिप वाचून तिची प्रत ठेवणारा या तरतुदीचा आधार घेऊ शकतो. ती प्रत विकणारा किंवा वाटणारा तो घेऊ शकत नाही. मुद्रांची देवाणघेवाण मात्र निर्वेध आहे, कारण मुद्रेतून मजकूर परत काढता येत नाही.

जाणकारांत या विषयावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, खेळ संगणकावर किंवा एफपीजीए या पुनर्रचनीय चिपेवर हुबेहूब चालत असताना जुन्या लाकूडलोखंडाचा सोस कशाला? दुसरा म्हणतो, बोर्ड, चित्रनळी, दांडी व बटणे यांच्याविना खेळ म्हणजे नुसती संहिता, प्रयोग नव्हे. माझ्या मते दोघांचाही प्रपंच वाचनावर उभा आहे. अनुकरणाला अचूक मजकूर हवा आणि दुरुस्तीलाही तोच हवा; मजकूर गेला तर पहिल्या पक्षाजवळ चालविण्यास काही नाही आणि दुसऱ्याजवळ बसविण्यास काही नाही. म्हणून वाचन प्रथम, बदल नंतर, आणि बदललेली मूळ चिपही पट्टी लावून जपून ठेवणे तिसरे, हा क्रम मोडू नये. आज सर्वाधिक हानी याच क्रमाच्या उल्लंघनाने होते : घाईतला कारागीर दुसऱ्या कुणाची तयार प्रत लिहून बोर्ड चालू करतो आणि मूळ चिप कचऱ्यात टाकतो, सोनेरी मुलाम्याच्या चिनी मातीच्या चिपा तर भंगारवाले केवळ सोन्याच्या अंशासाठी विकत घेतात. चालू झालेला बोर्ड पाहून मालक खूश होतो, परंतु त्या गावी कोणती आवृत्ती आली होती याचा एकमेव पुरावा त्या दिवशी नष्ट झालेला असतो.

या कामाला मोठ्या संस्थेची वाट पाहण्याचे कारण नाही. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा या सहाही तालुक्यांत टीव्ही-रेडिओ दुरुस्तीची परंपरा असलेले हात आहेत, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना सोल्डर, मीटर आणि अंकीय मंडले यांचे शिक्षण असतेच. एक प्रोग्रामर, दोन-चार जोडपट्टे आणि एक नोंदवही एवढ्या सामग्रीवर जिल्ह्यातील बोर्डांचे वाचन करता येईल. प्रत्येक बोर्डासाठी त्याचे छायाचित्र, चिपांची यादी, वाचनांची संख्या, मुद्रा आणि तो कोणत्या गावी चालत होता ही मालकाने सांगितलेली माहिती, इतके टिपले तरी पुरे. ज्यांच्या माळ्यावर असा बोर्ड पडला असेल त्यांना विनंती एवढीच की तो चालू करून पाहण्याच्या मोहात पडू नये, उन्हात वाळवू नये आणि किलोच्या भावाने देऊ नये. खिडक्यांवरच्या पट्ट्या शाबूत आहेत का ते पाहावे, नसतील तर नव्या चिकटवाव्यात, आणि येत्या उन्हाळ्यापूर्वी एखाद्या जाणत्या हाताकडून त्याच्या चिपा वाचून घ्याव्यात.